नऊ फुटांवरची झाकली मूठ

अभिनंदन! फ्लॅटचा ताबा मिळाला, हप्ता सुरू झाला, आणि चांगल्याभल्या स्लॅबखाली आणखी एक छत टांगायचं तुम्ही ठरवलंत. दिवे पिवळे की पांढरे, कडेने खोबण ठेवायची की नाही, यावर घरात महिनाभर खल झालाच असेल. आता उरला एक किरकोळ मुद्दा. हे सगळं ज्याला लटकणार, ते पत्र्याचं चॅनेल. बोर्ड चढला की ते ना तुम्हाला दिसणार, ना पाहुण्यांना. तेव्हा ते न बघताच निवडायचं असतं. कसं, ते सांगतो.

1. आधी शब्द पाठ करा. भिंतीला चारी बाजूंनी लागतं ते परिमीटर. स्लॅबला गिट्टी ठोकून खाली सोडतात ते अँगल. त्या अँगलांना साधारण चार-चार फुटांवर इंटर, इंटरखाली आडवे सेक्शन, दोघांना बांधणारी तारेची क्लिप, आणि सेक्शनला काळ्या स्क्रूने जिप्सम बोर्ड. अर्थ लक्षात राहिला नाही तरी चालेल. 'इंटर कुठलं वापरता?' एवढं विचारा आणि उत्तर येण्याआधीच मान डोलवा. कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला लगेच 'साहेब' म्हणू लागेल.

2. बोलणी फक्त स्क्वेअर फुटाच्या दरावर करा. चॅनेलचा विषय काढलात तर समोरच्याला वाईट वाटतं. तीन कोटेशन मागवा, सगळ्यांत स्वस्त घ्या, आणि नातेवाइकांना 'मधलं घेतलं' असं सांगा.

3. नमुना मात्र आवर्जून तपासा. कॉन्ट्रॅक्टरच्या पिशवीत सेक्शनचा वीतभर तुकडा असतो. तो खरोखरच अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. बरोबरच आहे, कित्येक वर्षं तो फक्त दाखवायच्या कामाला आहे. तो अंगठ्याने दाबा. कलिंगडासारखा टिचकी मारून वाजवा. मग खिशातून लोहचुंबक काढून लावा. चिकटला की 'हं' म्हणा. (पोलादाचा पत्रा जाड असो की पातळ, चुंबकाला चिकटतोच. पण 'हं'चा परिणाम चांगला होतो.)

व्हर्नियर कॅलिपर नेण्याचा मोह आवरा. अकरावीच्या प्रयोगशाळेत तो तुम्हाला जमला नव्हता, आता लोकांसमोर कशाला? आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा तर साइटवर मुळीच नेऊ नका. त्याने फार मन दुखावतं. 80 मिलिमीटर तळाचा, अर्धा मिलिमीटर जाड पत्र्याचा बारा फुटी सेक्शन सव्वादोन किलोच्या थोडा आत भरतो. तोच 0.3च्या पत्र्यात आला तर 1.3 किलो. एवढा फरक काट्याला कळतो, तुम्हाला कळायची गरज नाही. दोन्ही सारखेच चमकतात, दोन्हींवर निळ्या शाईत कंपनीचं नाव असतं. दुसऱ्यावरच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं, पण शुद्धलेखनाच्या चुका काढत बसणं आपल्याला शोभत नाही.

4. 'जीआय आहे ना?' हे विचारायचंच. 'एकदम जीआय' हे उत्तर येईल, ते वहीत लिहून ठेवा. जस्ताचा थर किती, हे विचारू नका. सरकारी कामांच्या तपशिलात आयएस 277 या मानकाचा हवाला देऊन दर चौरस मीटरला 120 ग्रॅम जस्त मागतात, तेही दोन्ही बाजू मिळून. म्हणजे एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन. एवढ्याशा गोष्टीसाठी चार माणसांत वाद घालायचा? वरच्या मजल्यावरच्या काकूंचं बाथरूम कधी ना कधी गळणारच आहे, तेव्हा काय ते कळेल.

5. अंतराचं गणित मिस्त्रीवर सोडा. पुस्तकात सेक्शन 18 इंचांवर असतात. सहा फुटी बोर्डात 18 इंच नेमके चारदा बसतात. पण मिस्त्री अनुभवी असतो. त्याला ठाऊक असतं की 24 इंचसुद्धा नेमके तीनदा बसतात, बोर्डाचा सांधा सेक्शनवरच येतो, आणि दर बोर्डामागे एक सेक्शन वाचतो. हिशेबात कुठेही चूक नाही. सिलिंग मधे जरा पोट सोडतं, पण चाळिशीनंतर कोण सोडत नाही?

6. स्क्रूचा आवाज ऐका. बोर्डाला 25 मिलिमीटरचा स्क्रू दर नऊ इंचांवर मारायचा असतो. पत्रा चांगला असेल तर स्क्रू 'टक्' करून थांबतो. पत्रा हलका असेल तर पकड न घेता गरागरा फिरत राहतो. मिस्त्री तो तसाच ठेवून शेजारी दुसरा मारतो आणि म्हणतो, 'डबल लगाया साहब, मजबूत रहेगा.' दोन्हींवर पुट्टी फिरते. तुम्ही चहा सांगा.

7. उत्तम उपाय म्हणजे फ्रेम बांधायच्या दिवशी ऑफिसला जाणं. बोर्ड चढल्यावर या आणि फोटो काढा. दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये नुसत्या बोर्डाचंच वजन शंभर किलोच्या आसपास जातं. हे कुणाला सांगू नका, विशेषतः त्याखाली झोपणाऱ्यांना. पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगा. झुंबर मात्र सासूबाईंनी हौसेने आणलेलं असतं, त्याला नाही म्हणता येत नाही. तिथे माझीही सहानुभूती तुमच्याबरोबर आहे.

आत डोकवायला पुढे एकच खिडकी उरते, ती म्हणजे छतातल्या गोल दिव्याचं भोक. माझ्या घरी एक दिवा बंद पडला तेव्हा मी तो उपसून मोबाइलची बॅटरी आत मारली. अँगलच्या जागी एके ठिकाणी वायर होती, आणि तिला कुणीतरी नीट गाठ मारली होती. गाठ चांगली वाटली. मी दिवा पुन्हा बसवला.

8. पहिल्या पावसाळ्यानंतर संध्याकाळी खोबणीतले दिवे लावा. उजेड छताला घासून जातो आणि दोन बोर्डांच्या सांध्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत एक केसाएवढी सरळ रेष दिसते. कॉन्ट्रॅक्टरला फोन करा. तो आठवड्याने येईल, कमरेवर हात ठेवून वर बघेल आणि म्हणेल, 'नवीन बिल्डिंग आहे साहेब, बसतेय.' मग जाळीची पट्टी लावून वरून रंगाचा हात मारून देईल. त्याचा दर स्क्वेअर फुटावर नसतो, रनिंग फुटावर असतो.