कुठं लिहिलंय?

कोथरूडमध्ये दर दोन सोसायट्यांमागे एक तरी मॅन्युअलकाका सापडतोच. वय पंचावन्नच्या पुढं, नव्वदच्या दशकात सी-डॅकचा डिप्लोमा, मग हिंजवडीत नोकरी, आता निवृत्ती. अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं सी भाषेचं कर्निघन-रिची अजून उशाशी. बिल्डिंगमधली इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोरं प्रोग्रॅम अडला की यांच्याकडं येतात. काका त्यांना खुर्ची देतात, चहा देतात, भडंग देतात. उत्तर तेवढं देत नाहीत.

"काका, पायथॉनमध्ये लिस्ट सॉर्ट करून नावात ठेवली, तर हातात 'नन' येतंय."

"सॉर्टबद्दल कुठं लिहिलंय?"

"शोधलं नाही."

"मग बस."

अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायचं, सर्चमध्ये 'सॉर्ट' टाकायचं आणि सापडलेला परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. मोठ्यानं अशासाठी, की मनात वाचताना पोरं नेमकं कामाचं वाक्य गाळतात. (हे मात्र शंभर टक्के खरं.) पोरगा अडखळत वाचतो. सॉर्ट मूळ लिस्टच जागच्या जागी लावतं, लावलेली लिस्ट परत देत नाही. मूळच बदललंय हे वापरणाऱ्याच्या ध्यानात राहावं, म्हणून मुद्दामच. नवी लिस्ट हवी असेल तर सॉर्टेड वापरा.

"मुद्दाम!" काका मांडीवर थाप मारतात. "तू घोळ घालणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं!"

हल्ली पोरं चॅटबॉटचं उत्तर घेऊन येतात. काका चिडत नाहीत. "बोलतोय छान. कोणत्या पानावर आहे, विचार त्याला."

काकांचा जीव खरा 'मॅन'वर, म्हणजे मॅन्युअलची पानं उघडणाऱ्या कमांडवर. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं, ही तारीख त्यांना तोंडपाठ. लग्नाची विचारू नये. काकूंनी विचारून पाहिली आहे. परवा तिसऱ्या मजल्यावरची मुलगी रडकुंडीला आली. सी मधलं प्रिंटएफ बघायला 'मॅन प्रिंटएफ' टाकलं, तर भलतंच काही उघडलं. "पहिला भाग शेलच्या कमांडांचा, सी ची फंक्शनं तिसऱ्यात. मध्ये तीन घाल." एवढं काकांनी सरळ सांगून टाकलं, आणि आपण उत्तर दिलं याची रुखरुख त्यांना जेवेपर्यंत पुरली. भरपाई म्हणून तिला पानाच्या तळाशी असलेला 'बग्ज' हा भाग वाचायला लावला. "आपल्याच वस्तूतले दोष स्वतःच छापलेत! मिक्सरच्या पुस्तिकेत वाचलंस कधी?" मिक्सरची पुस्तिका त्यांनी पूर्ण वाचलेली आहे, हे सांगायला नकोच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "अहो, साखर कुठं ठेवलीत?"

"डब्यावर लिहिलंय ना!"

"साखर लिहिलेल्या डब्यात रवा आहे."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे डब्याची नवी आवृत्ती आली आणि लेबल जुनंच राहिलं!" मार्कर शोधत ते आत गेले. चहा त्या दिवशी काही झाला नाही.