बसून बघा ना, सर

"बसून बघा ना, सर," शोरूममधला मुलगा म्हणाला. मी बसलो. अंगावर इस्त्रीचा शर्ट, खिशात पाकीट, पायात चपला आणि खाली कमोड. समोर काचेची भिंत, काचेपलीकडे रस्ता आणि रस्त्यावर भाजीची पिशवी घेऊन आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी हात केला. अशा वेळी उलट हात करायचा असतो का, हे आमच्या घरात कोणी शिकवलेलं नाही.

आमची इमारत १९८६ची. आमच्या संडासातून पाणी झिरपून खालच्यांच्या छतावर ओल आली, आणि फरशी उखडतोच आहोत तर भांडंही बदलू, असं ठरलं. घरात माणसं चार, मतं पाच. बायकोला भिंतीला टांगलेलं हवं होतं. खालून फडकं फिरतं म्हणून. "चारशे किलोपर्यंत वजन घेतं, मॅडम," मुलगा म्हणाला. आईने विचारलं, "म्हणजे सगळ्यांनी एकदमच बसायचं का?"

बाबांना गुडघ्यांमुळे उंच बैठक हवी होती. अठरा इंची भांड्यावर ते प्रसन्न बसले. मग त्यावर आई बसली, तर तिचे पाय लोंबकळायला लागले. "परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. मी म्हटलं, पायाखाली पाट ठेवू. "तिथे पाट मांडायचा? मग रांगोळीही काढ."

मला मनातून अँग्लो-इंडियन हवं होतं. कडेवर दोन्ही बाजूंना खाचांची पावलं असतात. वाटलं तर बसा, वाटलं तर वर चढून उकिडवे व्हा. इंग्रज गेले, ही तडजोड मागे राहिली. पण मी नाव काढताच मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी टमरेल मागितलं.

शेवटी बाबांच्या गुडघ्यांचा विजय झाला. उंच भांडं, दोन बटणांची टाकी. एक बटण तीन लिटरचं, दुसरं सहाचं. जुनी टाकी एका झटक्यात दहा लिटर ओतायची. भांडं घरी आलं आणि मग आमचा प्लंबर आला. खरं तर क्रम उलटा हवा होता. त्याने खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आत जाऊन टेप लावला.

"भोक नऊ इंचांवर आहे. हे भांडं बाराचं."

"तीन इंचांनी काय होतं?"

"काही नाही. भिंत तीन इंच मागं सरकवायची. पलीकडे कोण राहतं?"

पलीकडे सेक्रेटरी राहतात.

"मग टांगायचं घेऊ या का?" बायकोने आशेने विचारलं. त्याने मान हलवली. "वहिनी, ते पी ट्रॅप. पाइप भिंतीत जातो. आपला एस. खाली जातो." एवढे दिवस आम्ही रंग, उंची आणि झाकण हळू पडतं की नाही यावर भांडत होतो, आणि निकाल १९८६ सालीच लागलेला होता.

हा एसचा बाक घातलेल्या संडासाचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंगने घेतलं. बाकात थोडं पाणी साठून राहतं आणि वास वर येत नाही, एवढीच युक्ती. अडीचशे वर्षं झाली, अजून तीच चालते. कमिंग मूळचा घड्याळजी. त्याच्या कृपेने आमचे बाबा रोज पाऊण तास घड्याळ विसरून आत बसतात.

खोकं फोडलेलं नव्हतं म्हणून दुकानदाराने बदलून दिलं. नऊ इंची, पण उंच. आईसाठी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. ती दोन्ही बटणं एकदम दाबते, "कमी पडायला नको" म्हणून.

तेव्हा दुकानात जाण्याआधी टेप लावा: भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत, आणि तेही नवी टाइल बसल्यावर, कारण टाइलही अर्धा इंच खाते. आणि शोरूमला काच असेल तर बसू नका.