जावाजावांत पायथन

अहो, ऐकलंत का? तुळशीबागेमागच्या बोळातल्या त्या दोघी जावा, हो हो, त्याच, मंडईत नेहमी जोडीनं येणाऱ्या, त्यांचं बोलणं बंद होतं म्हणे! आणि कशावरून? दागिन्यांवरून नाही, जागेच्या वाटणीवरून नाही... कॉम्प्युटरवरून! मला आधी खरंच वाटेना. पण भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, हल्ली एक सकाळी येते नि दुसरी संध्याकाळी. तेव्हाच म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, त्या घरात कॉम्प्युटर एकच. थोरलीचा मुलगा इंजिनीअरिंगला, धाकटीच्या लेकीनं बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं, आणि आजोबांना नाट्यगीतं ऐकायला हवा. तिघांची तीन अकाउंटं, पासवर्ड वेगवेगळे. इथवर सगळं गोड. मग पोरानं प्रोग्रॅमिंगसाठी पायथन टाकलं. समोर 'इन्स्टॉल नाऊ' आलं, दाबलं, मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी पोरगी आपल्या अकाउंटवर बसली, काळ्या खिडकीत पायथन असं टाइप केलं, तर काय उघडावं? मायक्रोसॉफ्टचं स्टोअर! म्हणजे दादानं टाकलेलं हिच्यासाठी नाहीच, हवं तर दुकानातून घे...

झालं! धाकटी थोरलीच्या तोंडावर म्हणाली, "त्यांचं असंच असतं, चांगलं ते आपल्याच कपाटात." थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. "माझा मुलगा लपवाछपवी करणाऱ्यातला नाही," एवढंच म्हणाली आणि आत गेली. आजोबांनी म्हणे नाट्यगीताचा आवाज वाढवला.

आणि खरं सांगू? पोराची काडीचीही चूक नव्हती. ते पायथन आपोआप टाकणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात जाऊन बसतं, ॲपडेटा म्हणतात त्यात. दुसऱ्याच्या अकाउंटला त्याचा पत्ताच नसतो. कोड लिहायच्या त्या व्हीएस कोडचंही तेच, नेहमीचं डाउनलोड केलं की येतो तो एकट्यापुरता, 'यूजर'वाला. पण हे धाकटीला सांगणार कोण?

तर काय सांगत होते... हां, तोडगा! थोरलीनं चिडून मुलाचा पासवर्डच पुतणीला देऊन टाकला. बस बाई त्याच्याच अकाउंटवर. पासवर्ड असा वाटतात का हो कुणी? पोरीनं हौसेनं पिपनं पांडाज नावाची पायथनची लायब्ररी नवीन घेतली. जुन्या पांडाजमध्ये डेटा जोडायला तो अपेंड चालायचा ना, तो 2.0 पासून काढूनच टाकलाय. पोराचा अख्खा प्रोजेक्ट अपेंडवर उभा आणि व्हायवा उद्यावर! रात्री अकराला लाल अक्षरं बघून पोरगा पांढराफटक. "दादा, मी फक्त अपडेट केलं रे..." ती रडवेली. समोरच्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं, मी काही मुद्दाम कान दिला नव्हता.

शेवटी थोरलीची भाची आली. थोरलीची म्हटल्यावर धाकटीला आधी संशयच! पण मुलगी हुशार हं, पाषाणला आयसरमध्ये रिसर्च करते. तिथं 2019 पासून परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटर आहे ना, त्याच्यावर काम. आपल्या सी-डॅकनं भटकरसाहेबांच्या वेळी 1991 मध्ये परम 8000 केला, त्याच मालिकेतला हा. ती म्हणाली, "आमच्याकडे मशीन एक आणि माणसं ढीगभर, पण असली भांडणं नाहीत." सगळ्यांना लागणारं सॉफ्टवेअर ॲडमिन एका ठिकाणी टाकून ठेवतात, एकाच गोष्टीच्या नव्याजुन्या आवृत्त्या शेजारी शेजारी. ज्याला जी हवी त्यानं 'मॉड्यूल लोड' म्हणायचं आणि आपल्यापुरती घ्यायची. स्वतःचे उपद्व्याप स्वतःच्या होम फोल्डरात. मोठं काम असेल तर रांगेत नंबर लावायचा. आणि ॲडमिनचा पासवर्ड? भल्याभल्या प्रोफेसरांनाही मिळत नाही!

आजोबा एकदम खुलले. "म्हणजे आपली मंडईच की! 1886 पासून छप्पर सगळ्यांचं, गाळा ज्याचा त्याचा." पहिल्यांदा दोघी जावा एकदम हसल्या म्हणे.

मग भाचीनं जुनं सगळं काढलं. ॲडमिनचं वेगळं अकाउंट केलं, बाकी तिघांची साधी. पायथन पुन्हा टाकताना 'इन्स्टॉल नाऊ'ला हात लावला नाही, 'कस्टमाइझ'मध्ये शिरली, 'फॉर ऑल यूजर्स'वर टिक केली, पाथचीही. आता ते प्रोग्राम फाइल्समध्ये, दिसतं सगळ्यांना, बिघडवता येत नाही कुणाला. व्हीएस कोड 'सिस्टिम'वाला आणला. आणि प्रत्येक प्रोजेक्टला व्हेनव्ह, ज्याचा त्याचा वेगळा कप्पा. म्हणजे पोरीचं पांडाज नवं, पोराचं जुनं, एकाला दुसऱ्याची झळ नाही. व्हायवासुद्धा निभावली हो!

इतकं होऊनही पोरीच्या व्हीएस कोडमध्ये पायथनचं एक्स्टेन्शन दिसेना, तशी धाकटीच्या कपाळाला पुन्हा आठी. भाची शांतपणे म्हणाली, "काकू, एक्स्टेन्शन ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं. दादाचंही तिला दिसत नाही, तिचंही दादाला दिसणार नाही." धाकटी गप्प. मला वाटतं, तेवढ्यावरच पटलं तिला, दोघांनाही दिसत नाही यावर!

राहता राहिला ॲडमिनचा पासवर्ड. थोरली म्हणे माझ्याकडे, धाकटी म्हणे का तुमच्याकडे? अखेर आजोबांकडे गेला आणि त्यांनी तो पंचांगात लिहून ठेवला. पंचांग कुठं असतं ते मला ठाऊक आहे, पण मी कशाला सांगू...

तुम्हीही नातवंडांत मिळून एक कॉम्प्युटर घेताय असं कानावर आलंय. मग कुणी काही टाकायच्या आत ती 'ऑल यूजर्स'ची टिक तेवढी करून घ्या हं, आणि ॲडमिनचा पासवर्ड दोघींपैकी एकाही सुनेच्या हाती देऊ नका.