गडावर खरखर कशी न्यावी
(नवशिक्यांसाठी शॉर्टवेव्ह मार्गदर्शन)

१. आधी रेडिओ घ्यायला घरच्यांची परवानगी काढा. ‘ट्रेकला रेंज नसते, बातम्या कळायला हव्यात’ एवढेच बोला. बीबीसीने १९४० पासून चाललेली हिंदी रेडिओसेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद केली, हे कुणाला आठवण्याआधी विषय बदला.

२. आता मॉडेल. दुकानात ‘एसएसबी (सिंगल साइडबँड) आहे ना?’ असे दरडावून विचारा. ते नसेल तर हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचे बोलणे बदकांच्या भांडणासारखे ऐकू येते. असेल तर शब्द कळतात, आणि कुणाची एरियल किती उंच आहे हेही कळते. टेकसनचा पीएल-३३० खिशात मावतो, त्याला जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी चालते. तुमच्या कपाटातली फुगली असणार. नवी घ्या.

३. घरी लावून पाहू नका. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर सगळे मिळून एकच स्टेशन लावतात, आणि ते चोवीस तास असते. फारच राहवले नाही तर मेन स्विच पाडून ऐका; मात्र मॅचची शेवटची ओव्हर चालू असताना नको.

४. थेट हरिश्चंद्रगड गाठा. तिथे हवा खरोखरच स्वच्छ, लहरींच्या दृष्टीनेही. दिवसा १९ आणि १६ मीटरचे बँड बघा, अंधार पडला की ४९ आणि ४१. दिवसा आयनांबराचा खालचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळतो. रात्री तो विरला की त्याच लहरी वरच्या थरावर आपटून दूरवर उतरतात. हे सोबत्यांना समजावून सांगा. ते तोवर झोपलेले असतील, त्यामुळे शंका येत नाहीत.

सिग्नल वाढवायला पाच-सात मीटर वायर झाडाला बांधा. फार लांब नको, छोटा सेट गुदमरतो आणि एकाच जागी तीन स्टेशने बोलू लागतात. सकाळी वायरीवर कुणाचे तरी ओले मोजे वाळत असतील. रागावू नका, एरियलचा तेवढा तरी उपयोग झाला. ढग गडगडू लागले तर मात्र मोज्यांसकट गुंडाळा.

५. पहाटेपर्यंत चिकाटीने काटा फिरवा. काहीतरी स्पष्ट लागेलच. बहुधा ते चीनचे असेल. आनंद माना, वहीत वेळ आणि फ्रिक्वेन्सी टिपा.

६. उतरण्याआधी लॉकचे बटण दाबा. विसरलात तर सॅकमध्ये सेट आपोआप चालू होऊन खरखरतो. फुरसे खवल्याला खवले घासून असाच करकरता आवाज काढते, आणि पायवाटेवर पुढे चालणाऱ्याला ते ठाऊक असते.