टिकल्यांची लाच

फोटोंची पानं घरच्या घरी सजवायचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा. ते आधी फोटो मागत नाही, थीम मागतं. या थीम ज्यांनी केल्या त्यांच्या गावात बर्फ पडतो, झाडांची पानं लाल होऊन गळतात आणि ऑक्टोबरात दारोदार कोरलेले भोपळे मांडतात, हे दोन मिनिटांत कळतं. डोहाळजेवणासाठी काही मिळेल म्हणून शोधावं, तर चोचीत गाठोडं धरून उडणारा करकोचा निघतो. फुलांची वाडी, झोपाळा, धनुष्यबाण यांपैकी काही नाही. मुंजीच्या जवळपासचं म्हणून निळा टेडी सापडतो. पळी-पंचपात्राचा पत्ता नसतो. तरी माणूस हटत नाही. करकोच्याला कोपऱ्यात बसवतो, जरा तिरपा करतो, पुन्हा सरळ करतो. रिबिनीचं टोक फोटोवर किती यावं यात अर्धा तास जातो. मग त्या रिबिनीला सावली द्यायची असते, कारण सावलीशिवाय ती चिकटवल्यासारखी वाटत नाही. सावली द्यायची तर उजेड किती अंशांच्या कोनातून येतो ते ठरवावं लागतं. ज्या पानावर सूर्यच नाही तिथं ऊन डावीकडून पडावं की उजवीकडून, यावर नवरा-बायकोत अबोला धरला जाऊ शकतो. शेजारून जाणारा शहाणा माणूस या सगळ्याला रिकामटेकडेपणा म्हणतो. माझं म्हणणं असं की ही टिकल्या-रिबिनींची चमचम म्हणजे लाच आहे, आणि ती दिल्याशिवाय घरातलं एक अत्यंत कंटाळवाणं पण कुणीतरी करायलाच हवं असं काम कुणी हातात घेणार नाही.

ते काम दुहेरी आहे. फोटो निवडायचे, आणि निवडलेल्या फोटोंत कोण कोण आहे ते लिहायचं. रोलच्या काळात निवड आपोआप व्हायची. रोलात ३६ फोटो; चुकून ३७वा निघाला तर घरभर आनंद. बारशाला पाळण्याचे चार, आत्याचे दोन, पंगतीचा एक, असा हिशेब आधीच डोक्यात असायचा, आणि ‘आता पुरे, रोल संपेल’ म्हणणारं एक वडीलधारं माणूस प्रत्येक समारंभात हजर असायचं. मोबाइल आला आणि त्या माणसाचं काम गेलं. आता बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आत्याचे एका दमात वीस फोटो निघतात. त्यांतल्या अकरांत तिचे डोळे मिटलेले, सहांत मध्येच कुणाचं तरी कोपर, आणि उरलेले तीन हुबेहूब सारखे. हे वीसच्या वीस घरातल्या पाच फोनांत असतात, शिवाय बारशाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोनदा. ‘या रविवारी सगळे बसून चारशे फोटो पुसू या’ असं म्हणणारं कुटुंब शोधून सापडायचं नाही. ‘या रविवारी बाळाचं पान करू या’ म्हणणारी मात्र पुष्कळ सापडतील. पानावर चौकटी सहाच असतात. करकोच्याच्या लोभानं बसलेल्याला विसांतून एक आत्या निवडावीच लागते, आणि नको असलेले एकोणीस निदान एकदा डोळ्यांखालून जातात.

नावांचं काम त्याहून अवघड. काळ्या जाड पानांचे, फोटोंच्या कोपऱ्यांना त्रिकोणी टोपणं लावलेले, मध्ये बटर पेपरचा पडदा असलेले जुने अल्बम ज्यांनी लावले त्यांनी नावं लिहिली नाहीत, कारण फोटोतली माणसं शेजारच्या खोलीतच बसलेली होती. पन्नास वर्षांनी त्याच ग्रुप फोटोतल्या, खुर्चीवर बसलेल्या मिशीवाल्या गृहस्थांबद्दल घरात तीन मतं असतात. तिसरं मत असं की ते आपले कुणी नव्हेतच, स्टुडिओत पाकिटांची अदलाबदल झाली. याच्या बरोबर उलटा प्रकार नाशिक-त्र्यंबकेश्वरला. तिथल्या क्षेत्रोपाध्यायांकडं जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं की नामावळीतून पणजोबा निघतात, पणजोबांचे वडील निघतात, त्यांचे भाऊ निघतात. चेहरा एकाचाही नाही. म्हणजे नावं त्र्यंबकला आणि चेहरे माळ्यावरच्या ट्रंकेत, अशी आपल्या घराण्यांची वाटणी झालेली आहे. अमेरिकेत फोटोंची पानं सजवण्याचा, म्हणजे स्क्रॅपबुकचा, आजचा छंद फोफावला तोही वंशावळीच्या नादातूनच. मॉर्मन पंथाचे लोक पूर्वजांची नोंद ठेवणं धर्मकार्य मानतात. त्यांच्या सॉल्ट लेक सिटीत १९८० साली अशा नोंदींबद्दलची एक जागतिक परिषद भरली, तिथं युटातल्या मेरीएलन क्रिस्टेन्सन यांच्या कुटुंबानं घरी केलेले अल्बम मांडले, आणि बघणाऱ्यांना त्याची अशी गोडी लागली की या सामानाची दुकानं निघाली. आधी पणजोबा होते. टिकल्या मागाहून आल्या.

सॉफ्टवेअरच्या हत्यारांच्या पट्टीत इंग्रजी ‘टी’ अक्षराचं एक चित्र असतं. ते मजकुराचं हत्यार. माझ्या लेखी सगळ्यांत मोलाचं हेच, आणि सगळ्यांत कमी वापरलं जातं तेही हेच. मराठी माणसापाशी यासाठी सबळ सबब आहे. फोटोशॉप १९९० साली आलं, पण देवनागरी जोडाक्षरं धड जुळवायला त्याला पुढं बरीच वर्षं लागली. तोवर आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांची भिस्त पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या प्रणालींवर. त्यात मजकूर देखणा दिसायचा, पण फॉण्ट बदलला की त्याच ओळीतून इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणा बाहेर पडायच्या. युनिकोड आल्यावरही काही सॉफ्टवेअरांत ‘विजया आत्या’ असं लिहावं, तर पहिली वेलांटी ‘व’ची डावी बाजू सोडून उजवीकडं जाऊन उभी राहते आणि ‘आत्या’मधला ‘त’ पाय मोडून पडतो. उपाय आहे. मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असतो, तो निवडला की आत्या सावरते. पण तिथवर पोचायच्या आत माणूस कंटाळतो आणि टेम्प्लेटबरोबर आलेलं ‘स्वीट मेमरीज’ तसंच ठेवून देतो. पन्नास वर्षांनी मेमरी स्वीट होती एवढं कळेल. कुणाची, ते पुन्हा मिशीवाल्या गृहस्थांना विचारावं लागेल.

यावर तरुण मंडळींचा आक्षेप तयारच असतो: हे सगळं आता फोन स्वतःच करतो. गूगल फोटोज २०१५ पासून आहे, ते चेहरे ओळखून गठ्ठे लावतं, न मागता कोलाज करतं, वर संगीत लावून ‘आठवण’ म्हणून पाठवतं. खरं आहे. पण यंत्र निवडतं कशावरून? चेहरा स्पष्ट आहे का, डोळे उघडे आहेत का, हसू आहे का. या कसोटीवर आपल्या आज्यांची पिढीच्या पिढी नापास होते. कॅमेऱ्यासमोर दात दाखवणं त्यांना बरं दिसत नव्हतं. यंत्राला चेहरा कळतो, नातं कळत नाही. अमुक बाई आत्या की मावशी, हे शेवटी ते तुम्हालाच विचारतं. मोडलेली सोयरीक तर त्याला मुळीच कळत नाही, त्यामुळं जो साखरपुडा सगळं घर विसरू बघतंय तो बरोबर वर्षाच्या वर्षाला वाजतगाजत दारात आणून उभा करतं. मागची गर्दी पुसून माणूस तेवढा ठेवायचं बटणही असंच. नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्या ते गर्दीत जमा धरून कापतं, आणि त्याच्या खांद्यावर कुणी प्रेमानं हात ठेवलेला असेल तर हाताचा मालक पुसून हात तेवढा जाग्यावर ठेवतं. पाच बोटं, एक अंगठी, मागं मनगटापर्यंत पांढरा शुभ्र कागद. ती अंगठी मामांची आहे हे ओळखून मामांना परत आणणारं माणूस घरचंच लागतं.

रसिकांचा आक्षेप वेगळा. फोटोला चांदण्या, बदाम आणि मोती लावणं त्यांना गावंढळ वाटतं. त्यांनी एकदा नाथद्वाराकडं बघावं. तिथले चितारी श्रीनाथजींचं चित्र रंगवायचे, आणि यात्रेला आलेल्या कुटुंबाचे फोटोतून कापलेले चेहरे हात जोडून उभ्या असलेल्या रंगवलेल्या अंगांवर चिकटवायचे. त्याला मनोरथ म्हणत, आणि आज त्याच गोष्टी कलासंग्रहांत आहेत. काळ्या-पांढऱ्या फोटोंवर हातानं रंग भरून लुगड्याला जर चढवणारे कारागीर देशभर होते. स्टुडिओतल्या पडद्यावरच्या विमानात बसून फोटो काढून घेणाऱ्यांना आपण आज कौतुकानं बघतोच. म्हणजे फोटो नुसता ठेवू नये, सजवावा, ही इच्छा फोटोच्या मागोमागच आपल्याकडं आली. लाच प्रमाणाबाहेर गेली की काय होतं, हे मात्र चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दिसतं. मध्ये गॉगल लावलेले भाऊ, कानाला फोन. भोवती वाघ, ढग, ज्वाळा. खाली टपाल तिकिटाएवढी पंचवीस डोकी. वगळण्याची हिंमत कुणालाच झालेली नाही. पण एक मान्य करायला हवं, फ्लेक्सवर प्रत्येक डोक्याखाली नाव असतं. पन्नास वर्षांनी इतिहासकारांना आपल्या अल्बमपेक्षा फ्लेक्स जास्त उपयोगी पडतील.

कात्री आणि डिंकाची मजा संगणकात नाही, असंही म्हणतात. म्हणोत. डिंकाचा कंटाळा मार्क ट्वेनसारख्या लेखकालाही आला होता. त्यानं पानांवर आधीच डिंक असलेल्या स्क्रॅपबुकचं पेटंट १८७३ साली घेतलं. स्टुडिओवाल्याला काम देणं हा त्यापेक्षा मोठा मोह. त्याच्याकडं १२ बाय ३६ इंचांची आयती डिझाइनं असतात आणि त्याचा हात सफाईदार असतो. पण तो बिचारा परका. दिसायला ठसठशीत म्हणून नवरीच्या मैत्रिणीला अर्धं पान देतो, आणि जिच्या हट्टामुळं लग्न ठरलं त्या आजीला गुलाबाच्या पाकळीत बसवतो. घरी पान करणाऱ्याला हे चालत नाही. मोठ्या काकू अडीच इंच आणि धाकट्या काकू तीन, असं झालं तर पुढचा गणपती कुणाकडं, इथवर गोष्ट जाते हे त्याला ठाऊक असतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी रंगांची सतराशे साठ चक्रं दिली, पण दोन काकूंच्या चौकटी आपोआप समान ठेवणारं बटण अजून कुणाला सुचलं नाही.

आणि ही कसोटी पान छापायला जाईपर्यंत संपत नाही. १२ बाय १२ इंचांचं पान, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे एका बाजूला ३६००. काकू स्वतःचा आवडता फोटो व्हॉट्सॅपवर पाठवतात, तो वाटेत आकसून लांबीला १६००च्या आसपास उरतो. तो सव्वापाच इंचांपर्यंत बरा दिसतो. पानभर ताणला की हनुवटीचे चौकोन होतात. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा, आणि का मागवतोय हे त्यांना सांगू नये. छापखान्यात पानाच्या कडेनं साधारण तीन मिलिमीटर कापले जातात, तेव्हा कडेला चेहरा नको. पण कुणीतरी कडेला येणारच, आणि ज्यांच्याशी गेल्या दिवाळीपासून बोलणं नाही असे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांना कडेला ठेवलं तर कान जातो, वगळलं तर नातं जातं. त्यांना मध्यभागी घेऊन अर्धा इंच लहान करणं हा बहुतेक घरांतला तोडगा आहे. काकू पट्टी घेऊन बसतात, त्यामुळं बाकीच्यांच्या चौकटीही त्याच मापाच्या करून ठेवलेल्या बऱ्या.