मेसिओच्या घरी कोण कोण आलं?

वहिनी, आहात का हो मागच्या दारी? भाऊजी काल आमच्या ह्यांना विचारत होते म्हणे, तुमच्याकडे संध्याकाळभर भोंगा कसला वाजतो? भोंगा नाही हो तो, सॅक्सोफोन. आणि हे नाही लावत, मीच लावते. ह्यांना बातम्यांशिवाय दुसरा आवाज सहन होतो कुठे?

सॅक्सोफोन म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं ते सांगू? ‘काश्मीर की कली’तलं ‘है दुनिया उसी की’. झिंगलेला शम्मी कपूर, आणि मागे मनोहारी सिंगांचा तो गळा दाटून आल्यासारखा सॅक्सोफोन. बरोबर ना? मग ऐका, सिनेमा १९६४ चा. त्याच १९६४ साली तिकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टन गावचा एकवीस वर्षांचा एक मुलगा गायक जेम्स ब्राऊनच्या बँडमध्ये नोकरीला लागला. मेसिओ पार्कर त्याचं नाव. काल ऐकलात तो हाच. ह्याचा सॅक्सोफोन रडत नाही. तो टोमणे मारतो. दोन शब्दांत बोलून मोकळा होतो आणि पुढच्याला विचार करत बसवतो.

नोकरीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ब्राऊनसाहेबांना हा नकोच होता मुळी. हवा होता ह्याचा भाऊ मेल्विन, तो ड्रम वाजवायचा. मेल्विन म्हणाला, मी येतो, पण हा माझा भाऊही येईल. ब्राऊननी ह्याला विचारलं, बॅरिटोन सॅक्सोफोन आहे का तुझ्याकडे? हा वाजवायचा टेनर. घरात बॅरिटोन कुठला असायला! पण हा बेधडक हो म्हणाला, आणि मग धावपळ करून एक मिळवला. भावाच्या वशिल्याने लागलेला माणूस, आणि पुढे नाव कुणाचं झालं? ह्याचंच.

आणि ते झालं कसं, तर मालकाने हाक मारली म्हणून. ब्राऊनला सवय होती, गाणं ऐन रंगात आलं की मध्येच ओरडायचं, मेसिओ! म्हणजे आता तू वाजव. १९६७ च्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये ऐका. रेकॉर्ड गाजली, आणि गाणाऱ्याच्या नावासोबत ह्याचंही नाव घरोघरी गेलं. मागे बसून वाजवणाऱ्याचं नाव कधी कुणाला ठाऊक असतं का हो? आपल्याकडे मनोहारीदांचं नाव किती जणांना माहीत होतं तेव्हा?

पण मालक खाष्ट. सूर चुकला दंड, उशिरा आलात दंड, बुटांना पॉलिश नाही तरी दंड. स्टेजवर नाचता नाचता बोटं दाखवायचा म्हणे, एवढे कापले! लोकांना वाटायचं नाचाचाच भाग आहे. १९७० साली ही सगळी मंडळी वैतागून उठली. दोघे भाऊ आणि बरेच जण एकदम चालते झाले आणि ‘मेसिओ अँड ऑल द किंग्ज मेन’ नावाचा स्वतःचा बँड काढला. ब्राऊननी काय केलं असेल? सिनसिनाटीची दोन-चार कोवळी पोरं बोलावली आणि उभी केली ह्यांच्या जागी. त्यात बूट्सी कॉलिन्स नावाचा मुलगा होता, अजून विशीही गाठली नव्हती त्याने. ह्यांचा बँड काही फार चालला नाही. १९७३ मध्ये मेसिओ मुकाट परत ब्राऊनकडे.

पुढे सत्तरीच्याच दशकात तो जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिक ह्या बँडच्या गोतावळ्यात गेला. तिथे आधीपासून कोण बसलं होतं सांगा. तोच बूट्सी! ज्या पोरांनी ह्यांच्या जागा घेतल्या होत्या त्यांतला. आपल्याकडे असं झालं असतं तर तीन पिढ्या बोलणं बंद झालं असतं. ह्यांनी एकत्र वाजवलं. १९९० साली मेसिओने ‘रूट्स रिव्हिजिटेड’ हा अल्बम काढला तेव्हा बूट्सी गिटार घेऊन पाहुणा म्हणून आला.

हा ‘रूट्स रिव्हिजिटेड’ म्हणजे काय, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस खऱ्या अर्थाने स्वतःच्या नावावर उभा राहिला. ब्राऊनसाहेब १९८८ च्या अखेरीस तुरुंगात गेले होते, ते प्रकरण तुम्हाला नंतर कधीतरी सांगते, मोठं आहे. सांगायचं असं की जन्मभर दुसऱ्याच्या हाकेला ओ देणारा हा, आणि आता हाक मारणाराच नव्हता. पी वी एलिस आणि फ्रेड वेस्ली हे ब्राऊनकडचेच जुने सोबती, तेही ह्या अल्बमवर आहेत. अमेरिकेतल्या समकालीन जाझच्या यादीत दहा आठवडे तो वरच्या जागी होता.

मेसिओ वाजवतो त्याला फंक म्हणतात. फंक म्हणजे काय विचारताय? तुम्ही तर मिरजेच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृती संगीत सभेत रात्र रात्र बसलेल्या, तुम्हाला सम समजावायला नको. ही मंडळी तिला ‘द वन’ म्हणतात, म्हणजे पहिली मात्रा. पण आपल्याकडे गवई समेपासून लांब लांब फिरून येतो आणि आपण मान डोलावतो. फंकमध्ये कुणी कुठे जातच नाही. दर चार मात्रांनी पहिलीवर सगळे मिळून ठोका देतात, आणि उरलेल्या तीन मात्रांत प्रत्येकाने आपापली बारीक तुकड्यांची नक्षी भरायची. बास वेगळा, गिटार वेगळी, ड्रम वेगळा, कुणी कुणाच्या जागेत पाय टाकायचा नाही. मेसिओची खुबी तीच. सॅक्सोफोनसारखं सुरांचं वाद्य तो तालवाद्यासारखं वाजवतो. सूर लांबवतच नाही, तोडतो. भाऊजींना भोंगा वाटला तो त्यामुळेच, तानेची वाट बघत बसले असणार!

बरं, मुद्दा राहिलाच. काल लावला होता तो ह्याचा २००० सालचा अल्बम, ‘डायल: एम-ए-सी-ई-ओ’. माणूस सत्तावन्न वर्षांचा. हा अल्बम काही मोठा गाजला असं नाही, पण त्याच्यावर पाहुणे कोण कोण आणि ते का आले, ह्यातच सगळी मजा आहे.

एक पाहुणा प्रिन्स. हो, तोच तो जांभळ्या कपड्यांतला. तेव्हा त्याला प्रिन्स म्हणायची सोय नव्हती. कंपनीशी भांडण होऊन १९९३ मध्ये त्याने नावाच्या जागी एक चिन्ह घेतलं होतं, ज्याचा उच्चारच करता येत नाही. रेकॉर्ड कंपनी मला गुलाम समजते म्हणून गालावर ‘गुलाम’ असं इंग्रजीत लिहून फिरायचा! २००० सालीच त्याने आपलं नाव परत घेतलं. दुसरी पाहुणी ॲनी डिफ्रँको. ही बफलोची मुलगी, गिटार घेऊन एकटी गाणारी, मोठ्या कंपन्यांना उंबऱ्यावरही न घेणारी. विशीतच स्वतःची ‘रायचस बेब’ नावाची कंपनी काढली आणि सगळे अल्बम तिथूनच काढले. प्रिन्सला हिचं केवढं कौतुक! त्याला जे भांडून मिळवावं लागलं, ते हिने पहिल्यापासून कुणाला देऊच केलं नव्हतं.

आता नीट लक्ष द्या हं, मलाही हे जुळवायला वेळ लागला. १९९९ मध्ये प्रिन्सचा ‘रेव्ह अन्टू द जॉय फँटास्टिक’ आला. त्यात एका गाण्यावर ॲनी गिटार वाजवते आणि एका गाण्यावर मेसिओ सॅक्सोफोन. त्याच वर्षी, त्याच सुमाराला ॲनीचा ‘टू द टीथ’ आला. त्यात एका गाण्यात प्रिन्सचा आवाज आहे, आणि मेसिओचा सॅक्सोफोन आहेच, शिवाय मेसिओचा मुलगा कोरी रॅप करून गेलाय. आणि पुढच्या वर्षी मेसिओच्या अल्बमवर हे दोघे. म्हणजे तीन घरं आणि तीन अल्बम, आणि प्रत्येक घरी बाकीचे दोघे जाऊन आले! शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, तसलं चाललं होतं ह्यांचं. तुमच्या आंबोळ्यांच्या डब्यात मी वड्या घालून पाठवते, मग तुम्ही लोणचं पाठवता, हिशोब कधी मिटतच नाही. मेसिओने तर प्रिन्सची दोन गाणीसुद्धा आपल्या अल्बमवर घेतली, ‘बेबी नोज’ आणि ‘द ग्रेटेस्ट रोमान्स एव्हर सोल्ड’.

मला त्यातलं हे दुसरं आवडतं. प्रिन्सच्या अल्बमवर ते नटूनथटून येतं. इथे मेसिओ ते शब्दांवाचून नुसतं सॅक्सोफोनवर म्हणतो. आख्ख्या अल्बमवर तो सूर थोडा लांबवतो तो इथेच, असं मला वाटतं बाई. भाऊजींना हे एवढंच ऐकवा, भोंगा म्हणायचे नाहीत.

बाकी खोड्या काढायच्या तर आहेत. कोरीचं रॅप मला नाही रुचत. गाणं छान चाललेलं असतं आणि हा मध्येच बोलायला लागतो. पण पोटच्या पोराला बाप कसा नाही म्हणणार? भावाच्या आग्रहावर ज्याला स्वतःला नोकरी मिळाली, तो मुलासाठी जागा करणारच की. दुसरं म्हणजे, पाहुणे आले की यजमान कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. ॲनीच्या वेळी बघा, तिच्या ओळीमागे चार सूर टाकतो आणि गप्प. स्वतःच्या नावाचा अल्बम, स्वतःच्या नावाचा फोन नंबर, आणि हा वागतो वाढप्यासारखा. आधी मला ह्याचा राग यायचा. आता वाटतं, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यात नेमकी किती जागा घ्यायची हे ज्याला कळलंय, त्याच्याच घरी अशी माणसं एका फोनवर येतात. ज्यांच्यापुढे बाकीच्यांनी नुसतं उभं राहायचं, अशा मोठ्या गाणाऱ्यांनी घरी पाहुणे बोलावून बघावेत, कोण येतंय ते.

ह्याचा गोतावळा कुठवर पसरलाय त्याचा एक नमुना सांगते, हसू नका. जेन्स ॲडिक्शन म्हणून कॅलिफोर्नियाचा एक आरडाओरडा करणारा रॉक बँड होता. त्यांचं एक गाणंच आहे, माझ्या मांजराचं नाव मेसिओ! ते त्यांच्या १९९७ च्या ‘केटल व्हिसल’मध्ये आलं. आणि त्यात सॅक्सोफोन कुणी वाजवला असेल? खुद्द मेसिओने. मांजराला आपलं नाव दिलंय हे कळल्यावर आपले खाँसाहेब काय बोलले असते, कल्पना करा. हा गेला आणि वाजवून आला.

प्रिन्सनेही मग नातं सोडलं नाही. २००४ च्या दौऱ्यात मेसिओ त्याच्या बँडमध्ये होता, आणि २००७ मध्ये लंडनला प्रिन्सने एकवीस रात्री कार्यक्रम केले तेव्हाही होता. चौसष्ट वर्षांचा माणूस, पुन्हा दुसऱ्याच्या मागे उभा, आणि मालक पुन्हा स्टेजवरून नाव घेऊन पुढे बोलावणार. सवयीचं काम.

तुम्हाला ऐकायचं असेल तर सुरुवात मात्र ‘डायल’पासून करू नका. त्याच्या आधीचा घ्या, ‘लाइफ ऑन प्लॅनेट ग्रूव्ह’, १९९२ मध्ये जर्मनीत कलोनला लोकांसमोर वाजवलेला. तो सुरुवातीलाच सांगून टाकतो की दोन टक्के जाझ असेल, बाकी अठ्ठ्याण्णव टक्के फंक. त्यात कँडी डल्फर नावाची बावीस वर्षांची डच मुलगी आहे, वडीलही सॅक्सोफोनवाले. ती उभी राहते ह्याच्या शेजारी, आणि असा जवाब देते म्हणून सांगू! हा तिला हवं तेवढं वाजवू देतो. एलिस आणि वेस्लीही त्यात आहेत. दोन्ही अल्बम पेन ड्राइव्हवर टाकून देईन उद्या, भाऊजींच्या गाडीत चालतो ना पेन ड्राइव्ह? आणि ‘डायल’मधलं कोरीचं रॅप तेवढं गाळून देते, मेसिओला कळायचं नाही.