सासरचं नाव मिथिलीन ग्लायकॉल

रत्नागिरीच्या हवेशी वैर धरण्यात अर्थ नसतो. मारुती मंदिरापाशी स्कूटीवर बसताना सुतासारखे सरळ असलेले केस मांडवीच्या जेट्टीवर उतरेपर्यंत आपापल्या मर्जीचे मालक होतात. म्हणून वैशाखातल्या लग्नसराईत नवऱ्या मुली आधी हॉल बुक करतात आणि लगेच स्मूदनिंग. भाचीच्या सोबतीला म्हणून मीही एका पार्लरात अख्खी दुपार बसले.

आपल्याकडच्या जुन्या घरांत वाऱ्याला कुणी अडवत नसे. पुढे पडवी, मागे परसदार आणि वर कौलांच्या फटी. ब्रिटिशांनी थिबा राजाला ब्रह्मदेशातून आणून इथे कैदेत ठेवलं, पण १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधला तो उंचावर, भरपूर खिडक्यांचा. राजकैद्याला मिळालेला वारा नवऱ्या मुलीला मात्र नाही. पार्लरचं काचेचं दार घट्ट बंद, खिडकीवर फेशियलच्या दरांचा फ्लेक्स आणि एक्झॉस्ट फॅनच्या भोकात थर्माकोल. ‘‘एसीची थंड हवा बाहेर जाते ना, काकू,’’ मालकीणबाई म्हणाल्या. आतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून नाकाशी आणून सोडायची, हे स्प्लिट एसीचं काम तो इमानेइतबारे करत होता.

क्रीम लागलं, ड्रायर फिरला, मग इस्त्री आली. केसांच्या बटेवरून ती सरकली आणि पांढरा लोट उठला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मावशी पाठवणीच्या विचारानं हळवी झाली, असं समजून भाचीनं माझा हात धरला. तिचेही डोळे वाहायला लागले, तेव्हा मालकीणबाईंनी आम्हां दोघींना टिश्यू दिला. इस्त्री फिरवणारी मुलगी ओढणीत नाक खुपसून म्हणाली, ‘‘फॉर्मल्डिहाइड-फ्री आहे, काकू.’’

आता या ‘फ्री’ची गंमत. फॉर्मल्डिहाइड म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्या फॉर्मालिनमध्ये बुडवून ठेवतात, त्यातलं मुख्य रसायन. पाण्याशी लग्न लागलं की ते सासरचं नाव लावतं, मिथिलीन ग्लायकॉल, आणि बाटलीवर तेवढंच छापता येतं. इस्त्रीचा दोनशे अंशांचा चटका बसला की ते तडक माहेरी, म्हणजे पुन्हा वायू होऊन थेट आपल्या नाकात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २०१० साली पार्लरमधल्या बायकांनी नाकातून रक्त येतं, श्वास लागतो अशा तक्रारी केल्या. तिथल्या कामगार सुरक्षा खात्यानं ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ लिहिलेलं एक नावाजलेलं उत्पादन तपासलं, तर त्यात सरासरी ८ टक्क्यांहून जास्त फॉर्मल्डिहाइड निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तर २००४ मध्येच त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पंक्तीत बसवलं होतं. प्रत्येक क्रीममध्ये ते असतंच असं नाही. पण डोळे झोंबले, तर बाटलीपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

आपण वर्षातून एकदा जातो, डोळे पुसतो आणि घरी येतो. ती मुलगी मात्र रोज तिथेच. एका कोपऱ्यात हेअर कलरचा अमोनिया, दुसऱ्या कोपऱ्यात नेलपॉलिश पुसायचं ॲसिटोन, मध्ये ही इस्त्री. तोंडाला साधा मास्क लावला तरी तो थुंकीचे तुषार अडवतो, वायू नाही. वास फार झाला की मालकीणबाई मोगऱ्याचा रूम फ्रेशनर मारतात, म्हणजे आणखी एक रसायन, फक्त वासाला बरं. पुरुषांचं बरं असतं. त्यांच्या सलूनचं दार उघडंच, कारण रस्त्यावरचं राजकारण आत यावं लागतं.

‘‘खिडकी तरी उघडा,’’ मी म्हटलं.

‘‘अहो, बाहेरची दमट हवा केसांना लागेल!’’

मुद्दा बिनतोड होता. पण एक्झॉस्ट असतो तो त्यासाठीच. इस्त्रीच्या खुर्चीजवळच, वाफ कुणाच्याही नाकावरून न जाता परस्पर बाहेर ओढली जाईल असा तो बसवायचा आणि दुसऱ्या बाजूनं ताजी हवा आत यायला दाराखाली फट ठेवायची. ॲसिटोनचे बोळे झाकणाच्या डब्यात. एवढ्यानं एसीचं बिल थोडं वाढेल, पण स्मूदनिंगचे दर बघता मालकीणबाईंना ते झेपेल.

तेव्हा पुढच्या वेळी अपॉइंटमेंट घेताना दर विचारण्याआधी एक्झॉस्ट फॅन आहे का ते विचारा. आहे म्हणाल्या, तर त्यातला थर्माकोल आधी काढायला लावा आणि मगच खुर्चीत बसा.